नाडी बहात्तर, श्वास अठरा

२४ ऑगस्ट, रविवार. जिझान, सौदी अरेबिया

पोचले एकदाची! जेद्द्यात विमान बदललं, दीड तासात जिझान. बाहेर पडल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरली आणि नाकात खारा वारा शिरला, वर मासळीचा वास. मी मनात म्हटलं, चला समरीनबाई, घर सोडून आलात कुठे? हे तर आपलं श्रीवर्धनच आहे, फक्त नारळ-पोफळी उपटून नेलेलं.

कॉलेजनं दिलेला फ्लॅट दोन खोल्यांचा, मी एकटीच. खाली बकाला आहे, म्हणजे किराणा दुकान, तो चालवणारा कोट्टयमचा. त्यानं मला बघितल्या बघितल्या हिंदीत विचारलं, नर्स का? म्हटलं, नर्स नाही, नर्सांची मास्तरीण. त्यानं लगेच दोन संत्री जास्तीची घातली. महाडच्या हॉस्पिटलात सोळा वर्षं वॉर्ड सांभाळला, पाच वर्षं नर्सिंग स्कूलमध्ये शिकवलं, तिथे कुणी एक लिंबूसुद्धा जास्तीचं दिलं नव्हतं.

इथल्या बायका केसांत मोगऱ्याचे गजरे माळतात. आपल्याकडच्यासारखेच, पण दुप्पट जाड. बघून बरं वाटलं.

निघताना नवरा, तौकीर, विमानतळावर रडला. दाढी पांढरी व्हायला आलेला माणूस, सगळ्यांसमोर रडला. इफरा नाही रडली. सतरा वर्षांची आहे, पण धीराची. म्हणाली, अम्मी, तू इथली काळजी करू नकोस, डिसेंबरात मी येतेच आहे व्हिजिट व्हिसावर. तिला डॉक्टर व्हायचंय, मी इथे आले ती तिच्यासाठीच. सासूबाईंनी कपाळावर हात ठेवून दुआ पढली.

वही मराठीत लिहायची ठरवलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मीठ खाल्लंय, आणि इथे कुणाला वाचताही येणार नाही. मनातलं सगळं बिनधास्त लिहिता येईल.

२ सप्टेंबर, मंगळवार

पहिला तास झाला. माझ्या गटात पाच मुली. पेशंट कसा तपासायचा ते शिकवायचं, म्हणजे यंत्रं बाजूला ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी, बोटांनी, कानांनी. मला हा विषय फार आवडतो. मी मुलींना सांगते, मशीन बंद पडेल, लाइट जाईल, तुमची दोन बोटं कुठे जात नाहीत.

आता गंमत ऐका. आपल्याकडे मुली एकमेकींवरच सराव करतात. इथे एकमेकींसमोर बटण काढायची सोय नाही, लाजतात. मग पेशंट कोण? तर मुन्नी. ही इथली सफाईवाली, मॅनपॉवर कंपनीची, बिहारातल्या किशनगंजची. चाळिशी उलटलेली, बारीक. गेली आठ वर्षं लॅबची पेशंट तीच आहे. तास लागला की आली, मॉप भिंतीला टेकवला, चपला काढल्या आणि पलंगावर आडवी झाली. डोळे छताकडे. मी म्हटलं, बाई, तुझं बरं आहे, आम्ही उभ्या आणि तू झोपून ड्यूटी करतेस. हसली नाही.

श्वास मोजायची युक्ती शिकवली. पेशंटला कधी सांगायचं नाही की श्वास मोजतेय, सांगितलं की तो वेगळाच घ्यायला लागतो. नाडी बघितल्यासारखं मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर. मुन्नीचं मनगट धरून हे सगळं बोलत होते. हात बर्फासारखा गार, लॅबचा एसी कसाईखान्यासारखा लावतात. मुलींची एकेक शंका, त्यात माझं अरबी म्हणजे शुक्रन आणि यल्ला, इतकंच. हसण्या-खिदळण्यात तास संपत आला. मग मी फळ्यावर आणि तिच्या कागदावर लिहून टाकलं: नाडी बहात्तर, श्वास अठरा, नॉर्मल.

मोजले का? वहीशी कशाला खोटं बोलू, नाही मोजले. कोण मोजतं? तीस पेशंटना एक नर्स असली की सगळ्यांचेच श्वास अठरा. माझ्या अख्ख्या नोकरीत म्हातारे, बाळंतिणी, दारुडे, सगळे अठराच श्वास घेत आले. अल्लाह माफ करो, आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी लबाडी आहे आणि हिच्यात सगळ्या सामील.

उठताना मुन्नीनं हळूच हिंदीत विचारलं, मॅडम, काही सापडलं का? मी म्हटलं, एकदम फर्स्टक्लास आहेस. ती मॉप घेऊन गेली.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज मुलींनी मुन्नीला एकेकीनं तपासलं. शुरूक सगळ्यांत हुशार, म्हणजे मास्तरणीला काय आवडतं ते ओळखणारी. तिनं दहा सेकंदांत लिहिलं, नाडी बहात्तर, श्वास अठरा. बाकी तिघींनी थोडं इकडेतिकडे केलं, सत्तर, चौऱ्याहत्तर. ठीक.

पाचवी वजदान. जाड चष्मा, नखं कुरतडलेली, बोलायला घाबरते. तिनं मनगट धरलं ते सोडेचना. मग कोपर, मग मान. मग स्टेथोस्कोप छातीवर ठेवून डोळे मिटून बसली. घड्याळ बघून सांगते, सहा मिनिटं. आणि कागदावर काय लिहिलं? नाडी मिळाली नाही. श्वास दिसला नाही.

सगळ्या फुटल्या हसून. मीही हसले. म्हटलं, पोरी, पेशंट स्वतःच्या पायांनी चालत आली, मॉप मारून आली, आणि तू तिला मारूनच टाकलीस? बोटं नीट ठेवायला शीक. वजदान हळूच म्हणाली की मिस, तुम्ही एकदा बघा ना. बघायला हवं होतं. पण तास संपला होता आणि मला बस गाठायची होती. मी लाल पेनानं तिचं खोडलं, वर बहात्तर आणि अठरा लिहिलं, सही ठोकली. मुन्नी छताकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी सही केल्यावर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

वजदानच्या डोळ्यांत पाणी आलं. आता याला काय करायचं? चुकलं तर सांगायलाच हवं ना.

संध्याकाळी इफराला फोन. सगळं ठीक, अम्मी. दादी नमाजला बसलीय. अब्बूनं आज कोलीम केला होता, खारट झाला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

वजदान गेली. तिचे वडील ऑफिसात आले होते, तिचं नाव काढून जेद्द्याला काकाकडे पाठवताहेत. मी तिचं लिहिलेलं खोडलं, त्यानंतर ती लॅबमध्ये यायलाच तयार नव्हती म्हणे. मला खूप वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलं.

डाव्या पायाची करंगळी चार दिवस झोपल्यासारखी आहे. मुंग्यासुद्धा नाहीत, फक्त नाहीच आहे ती. नव्या बुटांचा प्रताप असेल.

मुन्नीला आजपर्यंत पाच वेळा तपासलं, पाचही कागदांवर माझी सही. दर वेळी ती विचारते, मॅडम, काही सापडलं का? आज मी जरा खेकसले, तुला आजारी पडायची एवढी हौस का गं? ती म्हणाली, हौस नाही मॅडम. आणि मॉप उचलला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज एक वाईट प्रकार झाला. ब्रेकमध्ये शुरूक सगळ्यांना गहवा, इथली कॉफी, ओतत होती. किटली चुलीवरून काढलेली, आणि हिनं दांडी सोडून किटलीचं पोटच पकडलेलं. बाकीच्या ओरडल्या, तरी ही गप्पा मारते आहे. हात सोडवला तर तळवा भाजून पांढरा पडलेला. तिला कळलंच नव्हतं. ती हाताकडे बघत राहिली, मग हसली, म्हणाली, मिस, दुखत नाही.

घरी येऊन मी बूट काढले. कापसाचा बोळा आणि टूथपिक घेतलं, डोळे मिटले आणि स्वतःची तपासणी केली. कापूस कळत नाही. टोक कळत नाही. जिथून कळायला लागतं तिथे बॉलपेननं रेघ मारली. डाव्या घोट्याच्या चार बोटं वर. उजवा पाय अजून बरा.

साखर असेल म्हणून बोट टोचलं. डाव्या हाताच्या बोटातून रक्त आलं नाही. तीनदा टोचलं. उजव्या हाताचा एक थेंब आला, त्यात साखर नॉर्मल.

इफराला फिजिक्समध्ये पैकीच्या पैकी. फोनवर किंचाळत होती. मी म्हटलं, छान. तिनं विचारलं, बस, एवढंच? मी परत म्हटलं, खूप छान. ही पोर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा मी आख्ख्या गल्लीत बर्फी वाटली होती. आज आतून काही आलंच नाही. पायापेक्षा मला याची भीती वाटली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

रेघ डाव्या गुडघ्यावर. उजव्या घोट्यावर दुसरी मारली. डावा हात मनगटापर्यंत.

शिकवणं चालू आहे. उजव्या हाताची बोटं चांगली आहेत.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज मोजलं.

मुली अजून आल्या नव्हत्या. मुन्नी एकटीच पलंगावर होती. का कोण जाणे, मी उजव्या हाताची दोन बोटं तिच्या मनगटावर ठेवली आणि घड्याळाकडे बघितलं. पूर्ण एक मिनिट. मग पाच मिनिटं. मग मान, मग मांडीचा सांधा. स्टेथोस्कोप ठेवला. टेबलावर ठेवल्यावर जे ऐकू येतं तेच ऐकू आलं. छाती हलत नव्हती. बोलायला तोंड उघडायची तेव्हाच आत हवा घ्यायची, तेवढीच.

आणि ती माझ्याकडे बघत होती. जागी, शुद्धीत.

ओरडत पळायला हवं होतं. मी स्टुलावर बसले. पायच नसल्यासारखे झाले की माणूस पळत नाही. मुन्नीनं सगळं सांगितलं, तिच्या हिंदीत, संथपणे, फरशी पुसावी तसं.

आठ वर्षांपूर्वी ती दुसऱ्या ठिकाणी एका वॉर्डात सफाईला होती. तिथे एक म्हातारी होती. नर्सच्या हातात काम होतं, ती मुन्नीला म्हणाली, जरा हिचा हात धरून बघ, ठीक आहे का. मुन्नीनं धरला. हात गार होता, आत काही नव्हतं. पण कोण बोलावणार, कोण थांबणार, फरशी अजून ओली होती. ती म्हणाली, ठीक आहे. नर्सनं तसं लिहिलं. तिथून हिला हे लागलं. असा हात धरून जो खोटं सांगतो त्याला लागतं. आणि कुणी हात धरून खरं सांगितलं, खरं लिहिलं, आणि ते तसंच राहिलं, तर ज्याचा हात तो सुटतो.

म्हणून ती लॅबची पेशंट झाली. तिला वाटलं, इथे तर शिकलेल्या बाया दर आठवड्याला हात धरून लिहितात, एखादी तरी खरं लिहील. आठ वर्षांत सगळ्या मॅडमनी नॉर्मल लिहिलं. ते कागद ऑफिसातून कंपनीत जातात, कंपनी म्हणते तब्येत ठणठणीत आहे, घरी कशाला जायचंय. एकीनं लिहिलं होतं खरं. तुम्ही खोडलंत, मॅडम.

मी विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगून लिहवलेलं चालत नाही बहुतेक. दोघींना सांगून बघितलं होतं, त्यांनी मला हातच लावला नाही, नोकरी सोडून गेल्या. म्हणून मग नुसतं विचारायची, काही सापडलं का.

मी कागद घेतला. नाडी नाही. श्वास नाही. हृदयाचा आवाज नाही. तारीख, वेळ, सही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी जे मिळालं तेच लिहिलं असेन.

मुन्नी उठून बसली आणि खोकली. खोकत राहिली. मग तिनं स्वतःचं बोट तोंडात घालून कडकडून चावलं, आणि रक्त आलं. त्या रक्ताकडे बघून ती ज्या आवाजात रडली तो मी बाळंतिणींच्या खोलीतसुद्धा ऐकलेला नाही.

मी माझं मनगट पुढे केलं. फक्त धर, म्हटलं. आणि काय मिळतं ते सांग.

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. मॉप तिथेच टाकून गेली. मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.

२ नोव्हेंबर, रविवार

चौघी मुलींना एकेकीला बोलावलं. कारण काही सांगितलं नाही. हात धरला आणि मोजलं. शुरूक, नाही. दुसरी, नाही. तिसरी, नाही. चौथीची फार बारीक, मिनिटाला अकरा. जसं मिळालं तसं लिहिलं आणि सही केली. शुरूक उठता उठता किंकाळी फोडून खाली बसली, तिचा भाजलेला तळवा तीन आठवड्यांनी दुखायला लागला होता. पोरी सुटल्या. माझ्या हातून एवढं तरी झालं.

मग मी सांगितलं सगळं. मी आडवी होते, म्हटलं, माझा हात धरा, काय मिळतं ते लिहा. खरं लिहिलंत तर कुणालाच काही होणार नाही. त्या एकमेकींना धरून दारापर्यंत मागे सरल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मुन्नीला एक्झिट मिळाला, घरी जायची परवानगी. काल रात्रीच्या विमानानं गेली, बकालावाल्यानं सांगितलं.

मुलींच्या घरून तक्रार आली आहे. डीन बाई फार सभ्य. म्हणाल्या, मिस समरीन, तुम्ही दमला आहात. तास काढून घेतले. डिसेंबरअखेर कॉन्ट्रॅक्ट खलास. त्यांच्यासमोर मी हात पुढे केला, म्हटलं, बघा. त्यांनी माझा खांदा थोपटला, मनगट नाही.

रेघ कमरेला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

स्वतःचा कागद स्वतः लिहून बघितला. नाडी नाही, श्वास नाही, सही. काही झालं नाही. आपलं आपण लिहिलेलं धरत नसावेत. आणि आता उजव्या हाताची बोटंही गेली, म्हणजे मला कुणाचंच काही कळायचं नाही. मेलेला कोण, जिता कोण. दोन बोटं कुठे जात नाहीत म्हणे!

जेवत नाही. भूक नाही. बकालावाल्याला वाटतं रोजे धरलेत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पॉलिक्लिनिकला गेले. दारातल्या नर्सनं बीपीचा पट्टा बांधला, मशीननं एरर दाखवला. परत बांधला, परत एरर. मागे रांग होती. तिनं पट्टा काढला आणि लिहिलं. मी वाकून बघितलं. एकशे वीस, ऐंशी. नाडी बहात्तर. श्वास अठरा.

मी म्हटलं, बहीणजी, मनगट तर धरा. ती म्हणाली, सिस्टर, सगळं नॉर्मल आहे, घाबरू नका. मनगट धरलं नाही तिनं माझं, म्हणून वाचली.

डॉक्टरनं कागद बघितला, मला नाही. व्हिटॅमिन डी लिहून दिलं.

राग यायला हवा होता. कुणावर येणार? तिच्या जागी एकवीस वर्षं मीच बसले होते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वजदानचा नंबर मिळाला. मेसेज केला. तू बरोबर होतीस, मी चुकले, मला माफ कर, एकदा येऊन माझी नाडी बघ.

संध्याकाळी उत्तर. मिस, मी नर्सिंग सोडलं. तुम्ही म्हणाला होतात ना की माझी बोटं नीट नाहीत.

परत केला. ब्लॉक.

एकच खरं बोलणारी होती.

१ डिसेंबर, सोमवार

इफरा परवा येते. तिकीट झालंय, व्हिसा झालाय. नको येऊस म्हणायला हवं. आज दोनदा फोन हातात घेतला.

पण म्हटलं नाही.

वहीत तरी खरं लिहिते. मला तिची आठवण येते म्हणून नाही. आठवणसुद्धा आता येत नाही, फक्त आठवण यायला हवी हे आठवतं. मला कुणीतरी हात धरणारं हवंय. माझा हात न घाबरता धरील असं एकच माणूस उरलंय. आणि पोर तोंडावर बोलणारी आहे. वर्गात सरांनाच सांगते, तुमचं उत्तर चुकलं. ती खरं लिहील. मग मी सुटेन, आणि तिला जवळ घेईन, आणि ते मला कळेल.

३ डिसेंबर, बुधवार

आली. विमानतळावर धावत येऊन गळ्यात पडली. तिचे हात पाठीवर आहेत हे मला समोरच्या काचेत दिसलं.

म्हणाली, अम्मी, किती गार झालीस तू! म्हटलं, एसी. आवाज फार बारीक झालाय. आठवून आठवून हवा आत घ्यावी लागते.

तिनं डब्यातून सांदण आणलंय. मी एक चावलं. चव नाही.

आणि हे. दादी ऑक्टोबरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, दीड महिना अंथरुणावर आहे. आज सांगितलं. मी म्हटलं, तू तर रोज सांगायचीस दादी नमाजला बसलीय. ती हसली. अम्मी, तू इतक्या लांब, तुला कशाला घोर? अब्बू म्हणाले, अम्मीला सगळं ठीकच सांगायचं. आपल्याकडे परदेशातल्या माणसाला असंच सांगतात. मीही माझ्या बापाला कुवेतला हेच सांगत वाढले.

चेहऱ्यावर जराही काही न दिसू देता सांगायची. दीड महिना.

५ डिसेंबर, शुक्रवार

आवाज गेला. सकाळपासून हवा आत येत नाही. डावा हात हलत नाही. उजवा हलतो, बघत बघत लिहिते.

इफराला वाटतंय घसा बसलाय. हळद-दूध करून दिलं. कपाळाला हात लावते सारखी. घाबरली आहे, दाखवत नाही.

पाठवून द्यावी का परत? अजून वेळ आहे—

उद्या. उद्या सकाळी.

६ डिसेंबर, शनिवार. सकाळी दहा

कागदावर लिहून दिलं तिला. माझा डावा हात धर. दोन बोटं, अंगठ्याखाली. घड्याळ लावून एक मिनिट. जे मिळेल तेच लिही. काही नाही मिळालं तर नाही लिही.

वाचलं तिनं. मान हलवली.

खोटं लिहिलंस तर काय होईल ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तिनं हात धरला नसता. शुरूकनं नाही धरला. मुन्नीनं नाही धरला. मी हे लपवलं. आई असून—

बसली शेजारी. हात उचलला. मला कळत नाही, दिसतंय.

मोजते आहे. ओठ हलताहेत.

ओठ थांबले.

बोटं सरकवली. परत. आता मान. आता परत मनगट. इफरा, नाहीच आहे, नाही म्हण, बस.

रंग उतरला तिचा. माझ्याकडे बघितलं. कळलं तिला. नक्की कळलं. आता लिही बेटा—

हसली.

तेच हसू. दादीचं सांगतानाचं. विचारते आहे, अम्मी, नॉर्मल किती असते गं?

मोबाइल काढला. शोधते आहे. नाही बेटा. मान हलवतेय मी, बघत नाही ती. डावा हात ओढायचाय, हलत नाही. वाचते आहे काहीतरी. पेन घेतलं

इफरा इकडे बघ

वहीत बघ

नॉर्मल नको ठीक नको लिहू नकोस बेटा मी सांगितलं नाही तुला मी लपव—